शंभरदा सांगितलं

आमच्या अम्मीला शंभराच्या खालचा आकडा येत नाही. "तेरेकू सौ बार बोली, पानी पे झाकन रख बोलके," हे वाक्य मी लहानपणी हजारो वेळा ऐकलंय. (बघा, पहिल्या परिच्छेदातच माझेही हजार झाले. रक्तातच आहे ते.) दळणाला गेली की ती तिथं दोन तास उभी असते. घरी चार पाहुणे आले की पन्नास माणसांचा स्वयंपाक होतो. कपातला चहा सांडला की घरात पूर येतो. शेजारच्या चाचीनं दोन प्रश्न जास्त विचारले की तिनं अम्मीची जान खाल्लेली असते. एप्रिलमध्ये आभाळातून आग पडते आणि पावसाळ्यात सांगली बुडते. २००५ साली कृष्णेचं पाणी खरंच गावात शिरलं, तेव्हा आम्ही भावंडं हसत हसत दारात बघायला गेलो होतो. अम्मीनं त्याआधी सांगली इतक्यांदा बुडवली होती, की आमचा विश्वासच बसेना.

अब्बा याच्या अगदी उलट. ते सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याची हळदीची किंवा गुळाची आवक अडत दुकानात येते. पोतं काट्यावर चढतं, तोलाईदार वजन पुकारतो आणि तेच पट्टीवर लिहिलं जातं. काट्याच्या एका बाजूला शेतकरी उभा असतो, दुसऱ्या बाजूला घेणारा. दोघांचे डोळे तोलाईदाराच्या तोंडाकडे. त्यानं जो आकडा उच्चारला त्यावर एकाच्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे ठरतात. असं काम चाळीस वर्षं केलेल्या माणसाच्या तोंडात 'अंदाजे' हा शब्द राहत नाही. अम्मी "सौ बार" म्हणाली, की अब्बा आतल्या खोलीतून म्हणायचे, "तीन बार बोली. मैं इधरिच था."

या दोघांच्या मधे आम्ही वाढलो. आणि सरळ सांगायचं तर, मी मनातल्या मनात एक निवाडा देऊन टाकला होता : अब्बा खरं बोलतात, अम्मी वाढवून बोलते. हा निवाडा चुकीचा होता हे कळायला मला खूप वर्षं लागली, आणि त्याची किंमत जवळजवळ अब्बांच्या जिवानं मोजावी लागली असती. ते पुढं सांगतो. आधी, माणसं बोलताना असं का वाढवतात याचा जरा विचार करू.

अम्मीचे शंभर कुणी मोजायला आलं नाही. तिलाही ते मोजून घ्यायचे नव्हते. "तीनदा सांगितलं" असं ती म्हणाली असती तर ती फक्त एक माहिती झाली असती. मी म्हटलं असतं, बरं, चौथ्यांदा सांग. "सौ बार बोली" मधून मला कळायचं ते वेगळंच : आता माझा धीर संपलाय, तू ऐकत नाहीस याचं मला वाईट वाटतंय, आणि पुढच्या वेळी लाटणं हातात असेल. यातली एकही गोष्ट 'तीन' या आकड्यात मावत नाही. आकडा इथं संख्या सांगत नाही, ताप किती चढलाय ते सांगतो.

मराठीत तर याची रेलचेल आहे. छप्पन्न जण बघितले, सतराशे साठ भानगडी, शंभरदा बजावलं, लाखात एक पोरगी, सांगून सांगून घसा फाटला, ऐकून कान किटले, पोटात कावळे ओरडायला लागले, रक्ताचं पाणी केलं. यातलं अक्षरशः खरं काहीच नाही आणि खोटंही काही नाही. एक गंमत करून पाहा. कुणाला तरी रागानं म्हणा, "तुला त्र्याहत्तर वेळा सांगितलं." समोरचा चपापेल. त्याला वाटेल, ह्यानं खरंच मोजलं की काय! शंभर, हजार, लाख हे गोल आकडे आहेत, त्यांच्या गोलपणातच कबुली असते की मी मोजलेलं नाही. 'छप्पन्न' आणि 'सतराशे साठ' गोल नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की त्यांनाही कुणी हिशेब विचारत नाही. त्र्याहत्तर मात्र अजून कोरा आहे. तो वापरला की ते खोटं ठरतं.

भाषेच्या अभ्यासात पॉल ग्राइस नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यानं संभाषणाचे काही अलिखित नियम मांडले. त्यातला एक असा, की जे खोटं आहे असं आपल्याला वाटतं ते बोलू नये. अतिशयोक्ती हा नियम मोडते, पण उघडउघड, समोरच्याला दिसेल अशा रीतीनं. ऐकणाऱ्याला कळतं की हा शब्दशः बोलत नाही, मग तो पलीकडचा अर्थ शोधतो. थाप मारणाराही तोच नियम मोडतो, पण लपून. फरक इतकाच आणि एवढाच. अतिशयोक्तीत दोघांना ठाऊक असतं, थापेत एकालाच. म्हणून आपल्याकडं शब्दही वेगवेगळे आहेत. बाता मारणं वेगळं, तिखटमीठ लावणं वेगळं, पराचा कावळा करणं वेगळं. अम्मी पराचा कावळा करायची, पण तो कावळा कागदाचा आहे हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडं खोटं बोलणं हा गुनाह आहे. मग रोज उठून "सौ बार" म्हणणाऱ्या आमच्या आयाबहिणींचं काय? तर हा प्रश्न नवा नाही. इमाम ग़ज़ाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये जिभेच्या संकटांवर एक अख्खा भाग लिहिला आहे. त्यात त्यांनी नेमकं हेच उदाहरण घेतलंय : कुणी म्हणतो, मी तुला शंभरदा सांगितलं. ग़ज़ालींचा निकाल असा, की यात आकडा सांगायचा हेतू नसतो, जोर द्यायचा असतो. म्हणून जर त्यानं नेहमीपेक्षा पुष्कळदा सांगितलं असेल तर शंभर न भरूनही त्याला गुनाह नाही. पण एकदाच सांगितलं असेल आणि शंभर म्हणत असेल, तर ते खोटं. म्हणजे हवा भरायला हरकत नाही, पण आत फुगा तरी हवा.

इमाम नववींनी (मृत्यू १२७७) याला एक प्रसिद्ध हदीस जोडून दाखवली आहे. फ़ातिमा बिन्त क़ैस यांना दोन-तीन ठिकाणांहून मागण्या आल्या होत्या, त्या सल्ला विचारायला पैगंबरांकडे गेल्या. तेव्हा अबू जह्‌म यांच्याबद्दल पैगंबरांनी सांगितलं, की त्या गृहस्थाच्या खांद्यावरची काठी कधी खाली उतरत नाही. आता तो माणूस झोपताना, जेवताना काठी खाली ठेवतच असणार, हे सांगणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणारीलाही. पण लग्नाचा विचार करणाऱ्या बाईला जे कळायला हवं होतं ते त्या एका वाक्यात कळलं. इथं मोजून-मापून बोलणं कदाचित कमी खरं ठरलं असतं.

अरबी-फ़ारसी-उर्दूच्या अलंकारशास्त्रात अतिशयोक्तीला 'मुबालग़ा' म्हणतात आणि तिच्या तीन पायऱ्या मानतात. जे अक्कलेलाही पटतं आणि रोजच्या व्यवहारातही घडू शकतं ती तब्लीग़. जे अक्कलेला शक्य वाटतं पण प्रत्यक्षात कधी घडत नाही ती इग़राक़. आणि जे कुठूनच शक्य नाही ते ग़ुलू. आमची अम्मी पहिल्या पायरीवर चुकूनच थांबते. मराठी शाळेत आम्ही 'अतिशयोक्ती' अलंकार शिकलो तो दमडीच्या तेलानं, ज्यात शेवटी उंट वाहून जातो. ते उदाहरण मी घरी सांगितलं तेव्हा अम्मीला त्यात विशेष काही वाटलं नाही.

या सवयीचा एक तोटा मात्र आहे. शब्द झिजतात. 'भयंकर' या शब्दाच्या पोटात भय आहे, पण आता आमरस भयंकर गोड असतो आणि नवरी भयंकर सुंदर दिसते. 'खतरनाक'मध्ये खतरा आहे, पण माझी मुलगी बिर्याणी खाऊन "खतरनाक झालीय" म्हणते तेव्हा तिची आई खूश होते. प्रचंड, जाम, लई, बेक्कार, सगळ्यांची तीच गत. एक शब्द बोथट झाला की दुसरा धारदार शोधावा लागतो, मग तोही बोथट होतो. नोटा जास्त छापल्या की पैशाचं मोल उतरतं, तसं. आणि मग खरोखर भय वाटतं तेव्हा माणसाकडे शब्द उरत नाही.

आता ती रात्र.

२०१३ सालचा रमजान पावसाळ्यात आला होता. मी पुण्याहून घरी आलो होतो. विसाव्या रोज्याला सकाळपासून अब्बा गप्प होते. असरनंतर ते पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून बसले. अम्मीनं विचारलं, तर म्हणाले, "कुछ नै, जरा मुरडा है." इफ़्तारला त्यांनी खजूर तोंडात घातला आणि पाणी पिऊन उठले. भजी, फळं, काही नाही. तरावीहला गेले नाहीत. तेव्हा अम्मी माझ्या मागे लागली आणि आम्ही त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, बाहेर गर्दी होती. त्यांनी अब्बांना विचारलं, "चाचा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती?"

अब्बांनी खरंच विचार केला. काटा स्थिर व्हायची वाट बघतात तसा. म्हणाले, "तीन."

अम्मी उसळली. "तीन कसले? दिवसभर तडफडतायत. एक मिनिट आडवे झाले नाहीत. मरणाचं दुखतंय डॉक्टरसाहेब, शंभर लिहा शंभर!"

डॉक्टर हसले. आणि मीही हसलो. इतकंच नाही, मी अम्मीचा हात धरून म्हणालो, "अम्मी, थांब जरा. त्यांना सांगू दे. तू वाढवून सांगतेस." ती गप्प झाली. अम्मी कधी गप्प होत नाही, पण त्या दिवशी परक्या माणसासमोर मुलानं खोटं पाडल्यावर ती गप्प झाली.

तीन लिहिलं गेलं. रोजे, रिकामं पोट, संध्याकाळचं तळलेलं. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी रोग्याला विचारलं, रोग्यानं सांगितलं, आणि रोग्याच्या मुलानं त्यावर शिक्का मारला.

रात्री दोनच्या सुमारास अब्बा म्हणाले, "उतरलं. आता बरं वाटतंय." मी निश्वास सोडला. सहरीला अजून वेळ होता, मी अंग टाकणार इतक्यात अम्मी दारात आली. ओरडली नाही, छाती बडवली नाही. इतकंच म्हणाली, "रिक्षा ला."

दोन शब्द. ना सौ, ना हजार, ना मर गई. तेव्हा पहिल्यांदा माझ्या पायाखालची जमीन हलली.

दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीला एक वयस्क सर्जन होते. त्यांनी 'किती' विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "काका, कसं दुखतंय? सुरुवातीपासून सांगा." आणि अब्बा, ज्यांनी आदल्या दवाखान्यात एका आकड्यावर भागवलं होतं, ते सविस्तर बोलले. सकाळी बेंबीपाशी मुरडा होता. दुपारनंतर तो उजवीकडं खाली सरकला. तिथं ठणकायला लागलं. खोकलं की कळ यायची. रात्री अचानक उतरलं, पण आता सगळं पोट दुखतंय आणि थंडी वाजतेय. सर्जननं पोटाला हात लावायच्या आधीच नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं. जे 'उतरलं' असं अब्बांना वाटलं होतं, ते फुटल्यामुळं उतरलं होतं.

अब्बा वाचले. अल्हम्दुलिल्लाह. अकरा दिवस दवाखान्यात होते, ईद तिथंच झाली. सर्जननं नंतर मला समजावलं की उतारवयात या दुखण्याची लक्षणं बोथट होतात, माणसाला वेदना कमी जाणवते, म्हणून निदान चुकतं. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते सांगितलं असावं. पण मला ठाऊक होतं की चूक फक्त लक्षणांची नव्हती.

अब्बा जरा बसायला लागल्यावर मी त्यांना विचारलं, "अब्बा, तुम्ही तीन का म्हणालात?"

ते म्हणाले, "दहा म्हणजे काय ते मला कुठं माहीत होतं? याच्यापेक्षा जास्त दुखू शकतं, असं धरून मी वर जागा ठेवली." थोड्या वेळानं, नजर चुकवून, म्हणाले, "आणि जास्त सांगितलं असतं तर रोजे सोडायला लावले असते. नऊच राहिले होते."

म्हणजे बघा. ज्यांना मी आयुष्यभर घरातला खरा काटा समजत होतो, त्यांनीच त्या रात्री कमी तोललं होतं. ग़ज़ालींच्या त्याच पानांत आणखी एक उदाहरण आहे, ते मला पुष्कळ नंतर सापडलं. पाहुण्याला जेव म्हटलं की तो भूक असूनही "नको, भूक नाही" म्हणतो. लोक याला शिष्टाचार समजतात. ग़ज़ाली त्याला मोकळीक देत नाहीत. शंभरदा म्हणणाऱ्याला सोडतात, पण भूक लपवणाऱ्याला सोडत नाहीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. मग कळलं, की वाढवून बोलणारा दिसतो. कमी करून बोलणारा दिसत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवला जातो.

आणि आपण कमी करूनही किती बोलतो! "पाचच मिनिटात पोचतो," "दोन घास खाऊन जा," "घोटभर चहा घ्या," "आमच्या गरीबखान्यावर या," "चटणी-भाकर खायला या" (आणि ताटात मटण असतं). घरातल्या बायका तर दुखणं कमी करून सांगण्यात पदवीधर असतात. "काही नाही, जरा कंबर धरलीय." बोलायच्या पद्धतीत ही पण अतिशयोक्तीच, फक्त खालच्या दिशेनं.

अम्मीची माफी मागायला मला अजून दोन दिवस लागले. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती डबा उघडत होती. मी म्हणालो, "अम्मी, मी तुझं ऐकायला हवं होतं." तिला वाटलं होतं त्याहून ती शांत होती. म्हणाली, "मी ज्यादा बोलते, मला माहितेय. पण तू तीस वर्षं माझं बोलणं ऐकतोयस. त्यातलं किती काढायचं ते तुला यायला नको?"

यार्डातले जुने लोक 'पासंग' हा शब्द वापरतात. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही कधी सारखी नसतात. मग हलक्या बाजूला एखादा खडा, लोखंडाचा तुकडा बांधून ती सारखी करायची, तो पासंग. "त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" ही म्हण तिथूनच आली. मूळ शब्द फ़ारसी आहे, पण आता पक्का मराठी झालाय. अब्बा सांगायचे, काटा वाकडा असला तरी चालतं, किती वाकडा ते ठाऊक पाहिजे. हे मी शंभरदा ऐकलं होतं (ग़ज़ालींच्या अर्थानं शंभरदा), पण ते माणसांनाही लागू पडतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अम्मीच्या बोलण्यात किती वजा करायचं आणि अब्बांच्या बोलण्यात किती मिळवायचं, हा हिशेब आमचा होता. तो आम्ही कधी मांडलाच नाही. आम्ही एकाला खरा आणि एकीला खोटी ठरवून मोकळे झालो होतो.

त्या दिवसापासून माझी अतिशयोक्तीवरची तक्रार संपली. पण एका प्रकारच्या अतिशयोक्तीवरची तक्रार मात्र वाढली, तेवढी सांगून थांबतो.

शंभर आणि हजार यांची भीती नाही, कारण ते ओळखू येतात. ओळखू येत नाहीत ते शब्द वेगळे आहेत : सगळे, प्रत्येक, नेहमी, कधीच, कुणीच. हेही वाढवलेलेच आकडे आहेत, पण त्यांच्यावर गोलपणाचा शिक्का नसतो. ग्राइसनं अतिशयोक्तीचं जे उदाहरण दिलं होतं त्यातही शंभर-हजार नाहीत, 'प्रत्येक' आहे. नवरा-बायकोच्या भांडणात "तू नेहमीच असं करतेस" आणि "तुम्ही कधीच ऐकत नाही" ही वाक्यं आली की मूळ मुद्दा मेलाच म्हणून समजा. मग समोरचा फक्त एक अपवाद शोधतो. मागच्या मंगळवारी ऐकलं होतं!

आमच्या ऑफिसातला एक मित्र, मनानं चांगला, जेवताना सहज म्हणाला, "तुमच्यात काय, प्रत्येकाची चार-चार लग्नं." मी विचारलं, "तुझ्या ओळखीच्या मुसलमानांत किती जणांची?" तो मोजायला लागला आणि बोटं उघडलीच नाहीत. मग मी म्हणालो, "प्रत्येकाच्या चार म्हणजे एका पुरुषामागं चार बायका हव्यात. आमच्या मोहल्ल्यात त्या कुठून आणायच्या?" तो हसला, शरमलाही. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. 'प्रत्येक' हा शब्द त्याच्या तोंडी कुठून तरी आला आणि त्यानं तो न तोलता पुढं दिला.

पण मी तरी कुठं तोलतो? पुण्यात घर शोधताना नाव ऐकून नकार आले. त्या रागात मी एका रात्री घरात म्हणालो, "या शहरात मुसलमानाला कुणीच घर देत नाही." मुलगी अभ्यास करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मग आपण बसलोय ते घर कुणाचंय?" ते एका हिंदू काकूंचं होतं, आणि ईदला त्यांना शीरखुर्म्याचा डबा गेला नाही तर त्या स्वतः वर येऊन विचारतात.

मी वहीत मोजून पाहिलं. सात घरं बघितली होती. चार ठिकाणी नावावरून नकार आला होता. सातपैकी चार. तेव्हापासून हा विषय निघाला की मी 'कुणीच नाही' म्हणत नाही, 'सातपैकी चार' म्हणतो. 'कुणीच नाही' म्हटलं की ऐकणारा लगेच एखादं उदाहरण देऊन मोकळा होतो आणि माझं दुःख अतिशयोक्ती म्हणून बाजूला पडतं. 'सातपैकी चार' म्हटलं की तो जरा गप्प बसतो. तिथं अब्बांचाच काटा हवा. तक्रार खरी असेल तर तिला हवा भरायची गरज पडत नाही, उलट हवा भरली की ती हलकी होते.

अब्बांनी त्या वर्षी सुटलेले नऊ रोजे थंडीत क़ज़ा केले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रोज्याला एक टिंब. नऊ टिंबं झाली तेव्हा त्यांनी कॅलेंडर मला दाखवलं.

अम्मी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत अब्बा महिनाभर बेशुद्ध होते, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि पोटातून बादलीभर पू निघाला होता. अब्बा आतून म्हणतात, "ग्यारह दिन. और होश में था." मी मधे बसलेला असतो. आता कुणालाच थांबवत नाही.